हत्तींच्या वाटेवरचा मुक्काम

दोस्तांनो, नकाशाचं पुस्तक घेऊन बसा पाहू! आधी नकाशा, मग गप्पा, हा आपल्या सदराचा नियम ठाऊक आहे ना? आज आफ्रिकेचं पान उघडा. अगदी तळाशी दक्षिण आफ्रिका सापडेल. तिच्या डोक्यावर, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, कुठेच समुद्रकिनारा नसलेला एक देश आहे. तो बोट्सवाना. आता त्याच्या वायव्येला बघा. हाताची बोटं फाकवून पंजा टेकवावा तशा निळ्या रेघा दिसतात का? तोच ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. आज आपण तिथल्या जंगलातल्या एका मुक्कामाला पोचणार आहोत. तुम्ही, आई, बाबा आणि धाकटी बहीण.

लक्षात घ्या, आज नुसतं पोचायचंय. सिंह, बिबट्या, रानकुत्री, ते सगळं उद्यापासून. असल्या आडरानातल्या ठिकाणी पोचणं ही एक स्वतंत्र गोष्टच असते. आणि पोचल्यावर पहिल्या तासाभरात जे काही शिकवतात ना, ते नीट ऐकलं नाही तर पुढचे चार दिवस तंबूत बसून काढायची वेळ येते. प्रसंगी त्याहूनही वाईट.

पहिली अडचण घरीच येते. माळ्यावरची ती चाकांची, कडक पाठीची सुटकेस खाली काढू नका. ती चालत नाही. शेवटचा टप्पा इतक्या छोट्या विमानाने गाठायचा असतो की त्याच्या पोटातल्या कप्प्यात कडक पेटी शिरतच नाही. दाबली तर दबणारी, मऊ कापडी पिशवी हवी. वजन माणशी साधारण १५ ते २० किलो. त्यातच पाठीवरची पिशवी, दुर्बीण, कॅमेरा आणि बाबांची जाडजूड पुस्तकं आली. आईने बांधून दिलेला चकल्या-चिवड्याचा डबा? त्याच्याविषयी पुढे बोलू. त्याची एक वेगळीच भानगड आहे.

कपडे मातकट, खाकी, मळखाऊ रंगाचे घ्या. मात्र सैनिकांसारखे ठिपक्याठिपक्यांचे हिरवे कपडे नकोत. आफ्रिकेतल्या काही देशांत, उदाहरणार्थ शेजारच्या झिंबाब्वे आणि झांबियात, साध्या नागरिकाने ते घालायला मनाई आहे. आणि हो, स्वेटर विसरू नका! मे महिन्यात आपल्याकडे घामाच्या धारा लागलेल्या असतात, पण बोट्सवाना विषुववृत्ताच्या पलीकडे आहे. तिथे तेव्हा हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. जून-जुलैच्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. आफ्रिका म्हणजे उकाडा, असं धरून चालणारे पाहुणे पहिल्याच सकाळी दातावर दात वाजवत बसतात.

पालकांसाठी दोन ओळी. ओकावांगोच्या भागात मलेरिया आहे. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचं विचारून घ्या, कारण त्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात. मुलांचे जन्मदाखले जवळ असू द्या. आणि मुलांची वयं आधी कळवा. बऱ्याच ठिकाणी अगदी लहान मुलांना घेतच नाहीत. जंगलात पायी फिरायला तर बारा वर्षांच्या आतल्यांना सहसा नेत नाहीत. का नेत नाहीत, ते पुढे कळेलच.

मुंबईहून विमानं बदलत जोहान्सबर्ग, आणि तिथून दोनेक तासांत माऊन. घड्याळ साडेतीन तास मागे करा. या गावाचं नाव काही जण ‘मौन’ असंही लिहितात. पण गाव मुळीच गप्प नाही हं! छोट्या विमानांची सारखी ये-जा चालू असते. ओकावांगोच्या आत पक्के रस्ते नाहीत, त्यामुळे माणसं, भाज्या, औषधं, यंत्रांचे सुटे भाग असं बरंच काही इथूनच उडतं. आपल्या एस.टी. स्टँडवर जशी गावोगावच्या गाड्यांची गडबड, तशी इथे विमानांची.

इथे बाबा पैसे बदलून घेतील. नोट हातात घेऊन नाव विचारा. पुला! त्यांच्या सेत्स्वाना भाषेत ‘पुला’ म्हणजे पाऊस. कोरड्या देशात पावसाहून मोलाचं काय असणार? चलनाचं नाव पाऊस, देशाचं ब्रीदवाक्यही ‘पुला’च.

आता विमान. जेमतेम पाच प्रवाशांचं असलं तरी दचकू नका. कोणी कुठे बसायचं हे वैमानिक सगळ्यांची वजनं बघून ठरवतो, कारण इवल्याशा विमानाचा तोल सांभाळायचा असतो. नशीब जोरावर असेल तर तुम्हाला त्याच्या शेजारची जागा मिळेल. दुपारच्या वेळी विमान हिंदकळतं. तापलेल्या वाळूवरची हवा वर उसळते आणि विमानाला खालून धक्के देते, एवढंच त्याचं कारण. तरीही पोट हलकं ठेवलेलं बरं. आईला सांगून ठेवा.

पाच-दहा मिनिटांत घरं संपतात. आता खिडकीला नाक लावा, कारण खाली जे दिसतंय त्याच्यासारखं जगात फारच थोडं आहे.

नदी म्हटली की ती शेवटी समुद्राला मिळणार, हे आपण शाळेत शिकतो. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, सुमारे १४६५ किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. ओकावांगो नदीही साधारण तेवढीच लांब, थोडी जास्तच. ती उगम पावते अंगोला देशाच्या डोंगराळ भागात. पण समुद्राकडे जायचं सोडून ती उलटी आत वळते, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडते, बोट्सवानात शिरते आणि कालाहारीच्या वाळूत पसरून संपते. समुद्राचं तोंडही तिला दिसत नाही. तिच्या पाण्यातला शंभरातला पंचाण्णवाहून जास्त वाटा ऊन आणि झाडंझुडपं मिळून हवेत उडवून टाकतात. उरलेलं थोडं वाळूत मुरतं, थोडं पुढे ओघळतं.

याहून गमतीची गोष्ट पुराची. अंगोलात पाऊस पडतो तो आपल्या हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये. ते पाणी वाटेतल्या पाणथळींतून रमतगमत खाली येतं. त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या टोकापासून माऊनपर्यंत सुमारे २५० किलोमीटर अंतर आहे आणि तेवढ्यात जमीन उतरते किती? जेमतेम साठ-सत्तर मीटर! इतक्या सपाट जमिनीवर पाण्याला घाई करताच येत नाही. तेवढं अंतर कापायला त्याला तीन-चार महिने लागतात. म्हणून होतं काय, बोट्सवानातला पाऊस थांबलेला असतो, गवत पिवळं पडू लागलेलं असतं, आभाळात ढगाचा ठिपका नसतो, आणि अशा वेळी पूर येतो. पूर म्हणजे आपल्यासारखा धो-धो नव्हे. वाळूवरून पाण्याची एक जीभ हळूहळू पुढे सरकते. तिच्यापुढे किडे-मुंग्यांची पळापळ, आणि त्यांना टिपायला पक्ष्यांची झुंबड. कोरड्या दिवसांत आसपासचं पाणी आटत आलेलं असताना इथे मात्र पाणी भरत जातं. मग हत्ती, रेडे, हरणं इथे येणार नाहीत तर कुठे जाणार? तुमची मे महिन्याची सुट्टी आणि हा पूर यांची गाठ बरोबर जमते.

खाली हिरवी-निळी पाण्याची जाळी आणि त्यात हजारो बेटं दिसतात ना? त्यातली बरीचशी कुणी बांधलीत, सांगा बघू. वाळवीने! कोरड्या काळात वाळवी वारूळ उभारते. पूर आला की आजूबाजूला पाणी आणि वारुळाचा माथा तेवढा कोरडा. त्यावर पक्षी येऊन बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं उगवतात, मुळं माती धरून ठेवतात आणि बेट वाढत जातं. काही बेटांच्या मधोमध पांढरट, उजाड चट्टा दिसेल. ते मीठ. काठची झाडं मुळांनी पाणी ओढतात. पाण्यातले क्षार मात्र मागेच राहतात आणि वर्षानुवर्षं बेटाच्या मध्यभागी साठत जातात. त्यामुळेच भोवतालचं पाणी गोडं राहतं. २०१४ साली या प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा तो त्या यादीतला बरोबर हजारावा होता.

गवतातून जाणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या पायवाटा दिसताहेत? माणसांच्या नाहीत त्या. हत्तींच्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटांनी हत्ती बेटाबेटांवर ये-जा करतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

विमान आता खाली झुकतं. विमानतळ कुठाय? मातीची एक सरळ पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची पिशवी आणि झाडाखाली उभी असलेली उघडी गाडी. झालं, हाच विमानतळ! ती गाडी नुसती तुम्हाला घ्यायला आलेली नाही बरं का. विमान उतरण्याआधी वाटाड्या ती पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवतो आणि हरणं, झेब्रे, रानडुकरं बाजूला हाकलतो. कधी एखादा जिराफ हटायलाच तयार नसतो. मग वैमानिक वर एक घिरटी जास्त घालतो. इथे वेळापत्रकात जिराफालाही जागा ठेवावी लागते.

पिशव्या उतरतात. वैमानिक हात हलवतो. विमान धूळ उडवत निघून जातं, ठिपका होतं, दिसेनासं होतं. आणि एकाएकी आपल्या कानांनाच काही झालं की काय असं वाटतं. माऊनमध्ये न सापडलेलं मौन इथे सापडतं. धाकटी बहीण आईचा हात धरते. खरं सांगायचं तर तुम्हालाही धरावासा वाटतो.

वाटाड्या हात पुढे करतो. तुमचा उजवा हात त्याच्या हातात द्या आणि डाव्या हाताने आपल्याच उजव्या कोपराला आधार द्या. तिथली मानाची रीत आहे ती. पुरुषाला म्हणायचं ‘दुमेला रा’, बाईला ‘दुमेला मा’. दुमेला म्हणजे नमस्कार. एवढं म्हणून बघा, समोरचा चेहरा कसा उजळतो! हे वाटाडे साधेसुधे गाडीवान नसतात. परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. त्यांतले पुष्कळ जण ओकावांगोच्या काठच्या गावांत वाढलेले. वाटाड्या बायकाही आहेत. त्याच देशातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानात एका लॉजवर तर सगळ्या वाटाड्या बायकाच आहेत. मुलींनो, ऐकताय ना?

गाडीत बसलात की पहिला नियम कळतो. चालत्या किंवा थांबलेल्या गाडीत उभं राहायचं नाही, हात-पाय बाहेर काढायचे नाहीत. गाडीला ना छप्पर ना दारं, मग सिंहापासून वाचायचं कसं? गंमत अशी की रोज दिसणारी गाडी प्राण्यांच्या सवयीची झालेली असते. गाडी आणि आतली माणसं मिळून त्यांना एकच मोठा, निरुपद्रवी आकार वाटतो. एखाद्याने उठून उभं राहायचा अवकाश, तो आकार मोडतो आणि त्यातून माणूस सुटा होतो. सुट्या माणसाला सिंह चांगला ओळखतो.

वाटेत पाणी लागतं. गाडी थेट पाण्यात उतरते, पाय वर घ्यावे लागतात, आणि ओंडक्यांच्या पुलावरून जाताना आई डोळे मिटून घेते. मग झाडीतून गाण्याचा आवाज येतो. मुक्कामावरची मंडळी, स्वयंपाकी, तंबूची झाडलोट करणाऱ्या बायका, सगळे टाळ्या वाजवत गात उभे असतात. हातात गार, ओला टॉवेल देतात. तोंड पुसा. टॉवेल लाल मातीसारखा झाला तर लाजू नका, सगळ्यांचाच होतो.

आणि आता कागद. हो, इतक्या आडरानातही कागद सुटत नाही. बाबांच्या पुढे एक छापील कागद येतो. त्यात थोडक्यात असं म्हटलेलं असतं की इथे रानटी जनावरं मोकळी फिरतात, याची आम्हाला जाणीव आहे आणि आम्ही आमच्या जबाबदारीवर राहत आहोत. बाबा वाचताना जरा थांबतात. आईकडे बघतात. मग सही करतात.

कारण इथे कुंपण नाही.

आपल्या ताडोबात तुम्ही गेला असाल तर आठवा. सकाळी फाटकातून जिप्सी आत जाते आणि ठरल्या वेळेला बाहेर यावंच लागतं. पर्यटकांची राहायची लॉजं बाहेर, वाघ आत. इथे तसं आत-बाहेर काही नाही. तंबू लाकडी चौथऱ्यांवर झाडांखाली उभे असतात आणि त्यांच्या मधून त्याच जुन्या वाटा जातात, मघाशी विमानातून पाहिल्या त्या. हत्तींनी आपली वाट बदललेली नाही. का बदलावी?

सरबताचा पेला हातात असतानाच मुक्कामाची प्रमुख सगळ्यांना बसवून नियम सांगते. तुमच्या वर्गातला सर्वांत चुळबुळ्या मुलगाही इथे गप्प बसेल.

अंधार पडला की एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवायला न्यायला वाटाड्या येईल, सोडायलाही येईल. बाबा मोठे झाले असले तरी बाबांनाही हाच नियम. रात्री काही अडचण आली तर तंबूत भोंगा किंवा शिटी ठेवलेली असते, ती वाजवायची. (बहिणीने गंमत म्हणून वाजवली तर सगळा मुक्काम धावत येईल, तेव्हा ती आईच्या ताब्यात द्या.) तंबूची चेन दिवसाही पूर्ण ओढून घ्यायची. माकडं आणि बबून टपलेलेच असतात.

आता आला तो चिवड्याचा डबा! तंबूत खाण्याचा कण ठेवायचा नाही. फळ तर नाहीच नाही. हत्तीची सोंड म्हणजे काय नाक आहे महाराजा! पिकलेल्या फळाचा वास त्याला दुरून लागतो आणि त्याच्या दृष्टीने तंबूचं कापड म्हणजे केळ्याचं साल. डबा मुकाट्याने स्वयंपाकघरात जमा करा. मागाल तेव्हा आणून देतील, कदाचित थोडा कमी भरेल.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी पोहायचं नाही. मगरी आहेत आणि पाणघोडे आहेत. पुस्तकातला पाणघोडा कसा गोलमटोल, हसरा असतो! खरा नर दीड टनाच्या वर भरतो, जमिनीवर आपल्यापेक्षा कितीतरी जोरात धावतो, आणि गवत खाणारा असूनही माणसाला मारतो. दिवसभर पाण्यात राहून रात्री तो चरायला बाहेर पडतो. एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातो. घाबरला की पाण्याकडे पळतो. तेव्हा त्याच्या आणि पाण्याच्या मधे जो कोणी येईल तो तुडवला जातो. त्याच्या मनात राग असेल नसेल, आपण चुकीच्या जागी असतो एवढं खरं. रात्री एकट्याने का फिरायचं नाही, त्याचं हे सर्वांत मोठं कारण.

आणि शेवटचा नियम प्रमुख दोनदा सांगते. पळायचं नाही. समोर काहीही आलं तरी पळायचं नाही. जागच्या जागी थांबायचं, वाटाड्या सांगेल ते आणि तेवढंच करायचं. पळणाऱ्याच्या मागे लागणं ही शिकारी जनावराची उपजत खोड आहे. मांजरासमोर दोरी ओढून पाहिलीय ना? तीच. लहान मुलांना पायी फेरीला का नेत नाहीत ते आता कळलं? तुम्ही शूर असाल हो, पण दचकल्यावर पाय आपले राहतात का? मोठ्यांचेही राहतीलच असं नाही, म्हणून तर दोनदा सांगतात.

चला तंबूकडे. वाटाड्या पुढे, मागे तुम्ही, रांगेत. पन्नासेक पावलं जाता आणि तो मूठ वर करतो. थांबा! आधी काहीच दिसत नाही. मग राखाडी रंगाची एक भिंत हलते. ताडासारख्या एका उंच झाडाला कपाळ लावून हत्ती ते गदागदा हलवतोय आणि वरून तपकिरी, चेंडूएवढी फळं टपटप पडताहेत. मोकोलवाने म्हणतात त्या झाडाला. तीच फळं वेचायला तो येतो. झाड आहे तुमच्या तंबूच्या अगदी दाराशी.

वाटाड्या हाकलत नाही. टाळ्या वाजवत नाही. हळूच सगळ्यांना चार पावलं मागे घेतो आणि एका जाड बुंध्याआड उभं करतो. पाच मिनिटं जातात. दहा जातात. हत्ती एकेक फळ उचलतो, तोंडात टाकतो, कान हलवतो. बहिणीला शिंक येते. ती दोन्ही हातांनी नाक दाबून धरते, डोळ्यांतून पाणी येतं, पण आवाज येऊ देत नाही. बाबांचा हात कॅमेऱ्याकडे जातो आणि परत खाली येतो. वीस मिनिटांनी हत्ती आपल्या वाटेने निघून जातो. इतका मोठा देह, पण पावलाचा आवाज नाही. वाटाड्या वळून बहिणीकडे बघतो आणि त्यांच्या भाषेत ‘के आ लेबोगा’ म्हणतो. म्हणजे आभारी आहे.

तंबू छान असतो. खाटा, मच्छरदाणी, उन्हावर चालणारे दिवे, मागे आंघोळीची जागा. बऱ्याच मुक्कामांवर चौथरे, पूल सगळं लाकडाचं करतात. सिमेंट ओतत नाहीत, म्हणजे उद्या मुक्काम उठवला तर मागे काही राहू नये. कचरा परत माऊनला जातो. असल्या ठिकाणी राहणं स्वस्त नाही, हे पालकांनी आधीच ऐकून ठेवावं. थोडे पाहुणे आणि चढे दर, असं बोट्सवानाचं धोरणच आहे. बेताच्या खर्चात जाणारे लोक गाडी भाड्याने घेऊन मोरेमी अभयारण्यातल्या साध्या तळांवर आपले तंबू ठोकतात. कुंपण तिथेही नाही, नियमही हेच, फक्त मूठ वर करणारा वाटाड्या नसतो. पहिल्यांदाच जाणाऱ्या, लहान मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाने तसं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोरेमी हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. शिकारीमुळे जनावरं संपत चालली तेव्हा इथल्या बाटवाना लोकांनी स्वतःच आपल्या जमिनीवर १९६३ साली हे अभयारण्य केलं. देश स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी. त्यांचे राजे तिसरे मोरेमी वारले होते आणि राणी पुलाने कारभार पाहत होत्या. पण या सगळ्याची किंमतही तिथल्याच लोकांना मोजावी लागते. बोट्सवानात सव्वा लाखाच्या वर हत्ती आहेत. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांमध्ये हत्ती रात्रीतून शेत साफ करून जातात आणि शाळेत जाणाऱ्या पोरांना वाट बघून, कानोसा घेऊन चालावं लागतं. आपण वीस मिनिटं थांबलो ती आपली हौस. ती पोरं रोज थांबतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

जेवणाचं काय? शाकाहारी असाल तर आधी कळवा, नीट सोय करतात. त्यांच्या ताटातलं बोगोबे मात्र मागून घ्या. ज्वारीच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं ते अन्न खाल्लंत की आजीच्या हातची उकडपेंडी आठवेल. आठवायलाच हवी! ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी तिकडून ती आपल्याकडे आली आणि आपण तिची भाकरी केली. गोरखचिंचेचं ते बुटकं, पोटफुगं झाडही मूळ तिकडचंच. म्हणजे आपण काही अगदी परक्याच्या घरी आलेलो नाही.

सूर्य झटकन मावळतो. वाटाड्या दिवा घेऊन तुम्हाला तंबूत सोडतो, चेन ओढली की नाही ते बघतो आणि जातो. वर बघून घ्या आधी. ध्रुवतारा शोधू नका, तो इथे क्षितिजाखाली गेला. पण आपल्याकडे मे महिन्यात दक्षिणेला अगदी खाली, धुरकटीत कसाबसा दिसणारा त्रिशंकू इथे आभाळात चांगला उंच चढलेला दिसतो.

मग अंधार, आणि आवाज. पाण्याकडून काचेच्या घंट्या किणकिणल्यासारखं ऐकू येतं. ते वेतातले अंगठ्याएवढे बेडूक. कुणीतरी म्हातारा खो-खो हसल्यासारखं येतं ते पाणघोडे. तरसाची हाक खालून सुरू होऊन वर चढते. आणि मध्येच कधीतरी दूरवर एक घुमणारा, जमिनीतून आल्यासारखा आवाज. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते, तेव्हा तो शेजारीच आहे असं समजायचं कारण नाही. बहिणीला हे समजावून सांगा. समजावताना तुमचाही आवाज थोडा बारीक येईल.

रात्री कधीतरी तंबूच्या कापडाशेजारी गवत तुटल्याचा आवाज येतो. करर्... करर्... कुणीतरी चरतंय. पलीकडच्या खाटेवर बाबाही जागे आहेत, पण कुणीच बोलत नाही.

साडेपाचला वाटाड्या बाहेरून हाक मारतो. गरम चहा घेऊन तो तंबूच्या पायरीशी वाळूकडे बघत बसलेला असतो. या, तुम्हीही बसा. हा बघा, पसरट, चार बोटांचा मोठा ठसा. रात्री गवत खात होता तो पाणघोडा. ही नखं उमटलेली पावलं तरसाची. आणि इथे पायवाटेच्या कडेने गेलेली ही मोठी, गोल पावलं. यांत नखं दिसतात का? नाही दिसत ना? चालताना नखं आत ओढून घेणारा कोण, ते तुम्हीच सांगा. वाटाड्याने उत्तर अजून दिलेलं नाही. तो उठलाय आणि पावलं कुठल्या बाजूला गेली ते बघतोय.